फुकटच्या कुलपाची किंमत

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात प्रक्रियेला जातं आणि तिथून नवापूरच्या समुद्रात. केंद्र सगळ्यांचं, म्हणून त्याची काळजी कोणालाच नव्हती. क्षमतेपेक्षा जास्त पाणी येत राहिलं. २०१६ मध्ये मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने केंद्राबरोबर कारखान्यांवरही भरपाई बसवली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही अशी सामायिक केंद्रं आहेत. फक्त त्यांचा वास येत नाही.

ओपनएसएसएल हे त्यातलं एक. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं, त्यामागचं काम जगातले असंख्य सर्व्हर या मुक्त सॉफ्टवेअरकडून करून घेतात. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून ती तिथेच होती. तिच्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड, अगदी गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेर काढता येत होत्या. या कोडवर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. वर्षाच्या देणग्या होत्या साधारण २,००० डॉलर.

त्याच महिन्यात गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला : प्रत्येकी वर्षाला किमान १ लाख डॉलर, तीन वर्षांसाठी. म्हणजे पैसे आधीही होते. ते सुटायला अपघात व्हावा लागला.

झेरोधाने अपघाताची वाट पाहिली नाही. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारखी कितीतरी मुक्त सॉफ्टवेअर ही कंपनी वापरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

‘परवान्यातच फुकट म्हटलंय, मग पैसे कशाला?’ हा प्रश्न मी ऐकत आलोय. पण त्याच परवान्यात खाली लिहिलेलं असतं : कसलीही हमी नाही. म्हणजे कोड घेताना कंपनीने त्याची जोखीमही घेतलेली असते. सांडपाण्यावरचा खर्च कुठलाही कारखानदार दानधर्मात लिहीत नाही, तो उत्पादनखर्च असतो. हाही तसाच धरायला हवा. पैसे नसतील तर निदान इंजिनीअरचे तास द्यावेत.

नवापूरच्या मच्छीमारांना लवादाचं दार तरी होतं. हार्टब्लीडमध्ये ज्याचा पासवर्ड गेला, त्याने कोणाचं दार ठोठवायचं होतं?