शेवटचे साधन आधी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. नव्या पुस्तकांना कव्हरे चढतात आणि सातवी-आठवीच्या इतिहासात पहिलाच धडा येतो, ‘इतिहासाची साधने’. सहावीत तो दुसरा असतो. भौतिक, लिखित, मौखिक ही विभागणी मुले तीन वर्षे गिरवतात; आठवीत दृक्-श्राव्य साधनांची भर पडते. धड्यात राजा नाही, लढाई नाही, म्हणून ‘साधनांचे प्रकार लिहा’ एवढे पाठ करून वर्ग पुढे सरकतो. नागपूरच्या दक्षिणेला, मिहान या विमानतळ आणि उद्योग प्रकल्पाच्या परिसरात मात्र पुस्तकातला सर्वांत निकडीचा धडा हाच आहे. फक्त साधनांचा क्रम तिथे उलटा लावायला हवा.

मिहानचा इतिहास सांगताना लोक बहुधा 2002 पासून, म्हणजे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली तिथून सुरुवात करतात. पण प्रकल्पात ज्यांची जमीन गेली त्या गावांची शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव, चिंचभुवन ही नावे त्याआधीची आहेत आणि त्यांच्या मागे कागद आहे. हा मुलूख ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होता. मालगुजारी ही तिथली जमीनदारीसारखी व्यवस्था 1951 साली संपली, तरी तिचे दोन दस्तऐवज विदर्भाच्या महसुली दप्तरात टिकले. निस्तारपत्रकात गावाची गुरे कुठे चरतील आणि सरपण कुठून आणायचे ते लिहिलेले असते. वाजिब-उल-अर्जमध्ये वाट, पाणी आणि मासेमारीचे रिवाज. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, हे दोन कागद गाव एकत्र कसे नांदत होते ते सांगतात. वर्गात गावनकाशा आणि आजचा उपग्रह-नकाशा शेजारी ठेवला, तर जुनी पांदण आज कुठे जाऊन थांबते हे बारा वर्षांच्या मुलालाही बोटाने दाखवता येईल.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्या गावांत किल्ला नाही, लेणे नाही, त्यांचा कसला इतिहास? नागपूर परिसराकडे पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. जुनापाणीला सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट-खापा इथे 1968-69 मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. टाकळघाटला वस्ती सापडली, खाप्याला दफनांची वर्तुळे. नायकुंडला लोखंड गाळण्याची सुमारे 2,700 वर्षांपूर्वीची भट्टी मिळाली. यांतले काहीही शाळकरी अर्थाने भव्य नाही. शेताच्या कडेला पडलेले धोंडेच ते, पण विदर्भाचे लोहयुग त्यांनीच उजेडात आणले. अर्थात साधन हाती आले म्हणजे निष्कर्षही आला, असे नाही. खापरी या नावात ‘खापर’ ऐकू येते, शिवणगावात शिवणीचे झाड. पण ऐकू येणे हा पुरावा नव्हे, दुसऱ्या साधनाने त्याला दुजोरा द्यावा लागतो. शहरातला शून्य मैलाचा दगड भारताचा मध्यबिंदू म्हणून मिरवतो. त्यावरचा 1907 सालचा मजकूर मात्र सर्वेक्षण खात्याच्या उंची मोजण्याच्या खुणेबद्दल बोलतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सारे गेलेल्या गावांसाठी गळा काढणे नाही का? रोजगार हवा असेल तर जमीन लागणारच. पण साधनांचा धडा कोणाची बाजू घेत नाही. भूसंपादनाचा निवाडा हाही लिखित पुरावा आहे, आणि 2019 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकावरचे ‘खापरी’ हे नाव हीसुद्धा उद्याची खूण. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीचाही स्वतःचा भूतकाळ आहे: 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री इथे एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. देशाच्या मध्यावर असण्याचा जो फायदा मिहानच्या आराखड्यात मांडला गेला, तो टपाल खात्याने अर्धशतक आधीच ओळखला होता. ज्याला गाव आठवते त्याने विमानतळ विसरावा, असे कोणी म्हणत नाही.

उरला अभ्यासक्रमाला वेळ नसल्याचा आक्षेप. एकच धडा तीन वर्षे येतो, म्हणजे वेळ आहे. तो पाठांतरात जातो. परिसर आणि हातचे काम यांतून शिकवावे हा विचार इथे परका नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, ती या भागापासून फार दूर नाही. राहतो प्रश्न क्रमाचा. पुस्तकात मौखिक साधने भौतिक आणि लिखित साधनांनंतर येतात, ओव्या-लोकगीतांच्या उदाहरणांसह. मिहानमध्ये मात्र दगड जागीच राहील, दप्तर तहसील कचेरीत राहील. सातबाऱ्यावर वावराचा क्रमांक असतो, फार तर स्थानिक नाव; त्यामागची गोष्ट नसते. कोणते वावर आंब्याचे, कोणत्या धुऱ्यावरून भांडण झाले, पोळ्याला बैल कुठे उभे राहत, हे ज्यांनी ती जमीन कसली त्यांनाच ठाऊक आहे, आणि ताबा गेला तेव्हा जे कर्ते होते ते आता म्हातारे होत आहेत. म्हणून शाळेच्या त्या पहिल्या आठवड्यात मुलांनी वही घेऊन आधी त्यांच्या ओसरीवर जावे. तहसील कचेरी दिवाळीनंतरही उघडीच असेल.