खिळा, भिंत आणि घरधनी

घरातली किरकोळ दुरुस्ती नवऱ्याने स्वतः अंगावर घ्यावी आणि त्यात त्याची फजिती व्हावी, हा इंग्लंडमधल्या विनोदाचा जुना आणि हक्काचा विषय आहे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जेरोम के. जेरोम यांच्या 1889 सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकात सापडतो. त्यातले पॉजरकाका भिंतीवर एक तसबीर टांगायला घेतात. तेवढ्यासाठी मोलकरीण खिळे आणायला जाते, खिळे केवढे हवेत हे सांगायला तिच्यामागून एक पोरगा धावतो, कोणी हातोडा शोधतो, कोणी शिडी आणतो, एकाला शेजारी पाणसळ मागायला पिटाळले जाते. काच फुटते, बोट कापते. रुमाल कोटात असतो आणि कोट सापडत नाही, कारण काका त्याच्यावरच बसलेले असतात. मध्यरात्रीच्या सुमारास तसबीर एकदाची लागते, तीही वाकडी, आणि भोवतालची भिंत पार खरवडून निघालेली असते. पुढच्या वेळी खिळा ठोकायचा बेत असेल तर आधी कळवा, म्हणजे आठवडाभर माहेरी जाता येईल, असे काकू ऐकवतात.

यातली अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी निरीक्षण पक्के आहे. काम एकाचे म्हणवले जाते आणि राबते सगळे घर. दिवा धरणारी, सामान हाताशी देणारी आणि शेवटी पसारा आवरणारी माणसे वेगळीच असतात. नवऱ्याच्या हातोडीवरच्या विनोदात बायकोचा वैताग पहिल्यापासून आहे आणि त्या विनोदाचा खरा जीवही त्यातच आहे.

फजितीची कारणे मात्र काकांच्या स्वभावापुरती नव्हती. सुतारकाम किंवा नळकाम शिकायला वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे आणि कचेरीत कारकुनी करणाऱ्या मध्यमवर्गीयाचा त्या शिक्षणाशी संबंध नसे. बहुतेकांची घरे भाड्याची. 1918 मध्येही इंग्लंड आणि वेल्समधल्या चौथ्या हिश्शाहून कमी घरांत मालक स्वतः राहत होते. मोठी दुरुस्ती घरमालकाची किंवा पगारी कारागिराची, आणि नवऱ्याच्या वाट्याला उरे ते खिळा ठोकण्यासारखे सटरफटर काम. भिंतीही दगा देणाऱ्या होत्या. आतल्या अनेक भिंती उभ्या लाकडी खांबांवर पातळ पट्ट्या ठोकून त्यावर चुन्याचा गिलावा देऊन केलेल्या असत. खिळा दोन पट्ट्यांच्या मध्ये गेला तर त्याला धरायला काहीच नसे आणि गिलाव्याचा पोपडा हातात येई. जाणते लोक तसबिरीसाठी भिंतीवर उंच जागी आडवी लाकडी पट्टी बसवून घेत आणि तिच्यावर आकडे अडकवत.

हे अडाणीपण भरून काढायला पुढे अवजारे आली. 1911 च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज या लंडनच्या कंत्राटदाराने ब्रिटिश म्युझियमच्या कामासाठी एक युक्ती काढली. भिंतींची नासधूस न करता विजेचे सामान बसवायचे होते. त्याने ज्यूटच्या तंतूंची छोटी पुंगळी केली. भोक पाडून ती आत सरकवायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा, म्हणजे पुंगळी फुगून भोकाच्या कडांना घट्ट दाबून बसते. तिचीच प्लास्टिकची आवृत्ती आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीने पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट 1917 मध्ये मिळवले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती गिऱ्हाइकांसाठी स्वस्त ड्रिल बाजारात आणले.

या उद्योगाला खरा बहर आला तो युद्धानंतरच. ब्रिटनमध्ये कारागीर महाग झाले होते, घरे जुनाट झाली होती आणि बांधकामावरचे युद्धकाळातले परवान्यांचे बंधन 1954 मध्ये उठले. लगेच 1955 मध्ये ‘प्रॅक्टिकल हाउसहोल्डर’ हे मासिक निघाले. 1957 पासून बीबीसीवर बॅरी बकनेल ‘डू इट युअरसेल्फ’ हा कार्यक्रम करू लागले. तो थेट प्रक्षेपित होई, त्यामुळे काही बिघडले तर ते सगळ्या देशासमोर बिघडे, आणि प्रेक्षकांना ते आवडे. घरी आपलेही असेच होते, हा मोठा दिलासा होता. 1962 मध्ये त्यांनी ईलिंग भागातले एक पडीक घर आठवड्यामागून आठवडे पडद्यावर दुरुस्त करून दाखवले. मात्र नक्षीच्या दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती सपाट करण्याच्या त्यांच्या सल्ल्याने देशभरातल्या जुन्या घरांचे रूप गेले. पुढच्या पिढीने तेच हार्डबोर्ड उचकटून काढले.

तरीही हौशी माणसाच्या हातावर बकनेल यांचा विश्वास होता आणि तो खरा ठरला. जॅक होल्ट यांच्यासोबत त्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मिरर’ ही छोटी शिडाची होडी आखली. प्लायवूडच्या तुकड्यांच्या कडांना भोके पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे आणि सांध्यावर राळेत भिजवलेली काचतंतूंची पट्टी चिकटवायची. सुताराचे सांधे जमत नसलेल्या माणसालाही हे जमले. अशा होड्या हजारोंच्या संख्येने तयार झाल्या आणि त्यातल्या पुष्कळशा घरच्या गॅरेजमध्ये बनल्या. या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत लखलखीत यश आहे.

अमेरिकेत हीच लाट आणखी मोठी होती. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्ट 1954 मध्ये तिच्यावर मुखपृष्ठकथा केली. लेव्हिटटाउनसारख्या वसाहतींतल्या घरांचे पोटमाळे मुद्दाम अपुरे ठेवलेले असत. ते पुरे करणे हा घरधन्याच्या रविवारचा उद्योग झाला. दिवसभर कचेरीत कागद हाताळणाऱ्या पुरुषाला घरच्यांच्या जवळ राहूनही आपली म्हणता येईल अशी जागा या कामात मिळाली, असे इतिहासकार स्टीव्हन गेल्बर यांनी मांडले आहे. वाकडे फडताळ बसवूनही माणूस पुढच्या रविवारी पुन्हा करवत का उचलतो, याचे याहून पटणारे उत्तर नाही. 1991 ते 1999 या काळात गाजलेल्या ‘होम इम्प्रूव्हमेंट’ या मालिकेचा नायक तर टीव्हीवर लोकांना दुरुस्ती शिकवणारा होता आणि जास्त ताकदीच्या हव्यासापायी स्वतःच्या घरातली यंत्रे बिघडवत असे. पॉजरकाकांचा खिळा जाऊन विजेची मोटर आली होती, एवढाच फरक.

विजेच्या बाबतीत चूक जिवावर बेतते, म्हणून तिथे कायद्याने मर्यादा घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जानेवारी 2005 पासून नवीन सर्किट टाकण्यासारखे काम नोंदणीकृत कारागिराकडून करून घ्यावे लागते किंवा स्थानिक बांधकाम विभागाला आधी कळवावे लागते. खराब झालेला स्विच किंवा सॉकेट बदलायला घरधन्याला अजूनही मुभा आहे.