रिकाम्या खोक्याचा लेझर प्रिंटर

रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर युजरची सही झाली म्हणजे त्याला ते कळलं, असं आपण धरून चालतो. १९८१ साली स्कँडिनेव्हियात सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात हा समज उघडा पडला. वृत्तपत्राची पानं लावणारे कामगार आणि पेले एन, सुसाने बोडकर यांच्यासारखे संशोधक मिळून पान-मांडणीची संगणकप्रणाली आखत होते. कामगारांसाठी प्रश्न हातातल्या कौशल्याचा होता, म्हणजे पोटाचाच. पण संशोधकांनी आणलेली प्रणालीची कागदी वर्णनं त्यांना काहीच सांगेनात.

मग प्लायवूड नि कागद घेऊन खोटं वर्कस्टेशन उभं केलं. स्क्रीनवरची चित्रं स्लाइड प्रोजेक्टरने दाखवली. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ लिहिलं, झाला प्रिंटर! आता कामगार पान लावून बघू शकत होते, आणि कुठे अडतं तेही दाखवू शकत होते.

मल्टिमीडिया म्हटलं की आपण थेट अ‍ॅनिमेशनकडे धावतो. मला वाटतं, इथे उपयोगी पडला तो कच्चेपणा. खोकं खोटं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे ते बदलायला सांगताना संकोच नव्हता. एन आणि मॉर्टेन क्युंग यांनी ‘डिझाइन अ‍ॅट वर्क’ (१९९१) या पुस्तकात यावर प्रकरण लिहिलंय. विषय शोधत असाल तर आधी तेच काढा.