तात्या गेले, प्लेटा राहिल्या

माझ्या आजोळच्या गावाबाहेर ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा आहे. पाऊस सरत आला की त्याच्या गाळ्यांत लोखंडी प्लेटा बसवायच्या, फटी बुजवायच्या आणि पुढच्या पावसाआधी प्लेटा पुन्हा काढून ठेवायच्या. वेळेत बसल्या तर परतीच्या पावसाचे पाणी अडते. पंधरा दिवस उशीर झाला तर अडवायला ओढ्यात काही उरलेलेच नसते. काम दोन दिवसांचे, पंचवीस-तीस माणसांचे. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा बंधारा कोरडा होता आणि प्लेटा समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या. मामांना विचारले, तर म्हणाले, "तात्या होते तोवर बसायच्या बघ. पहाटे भोंग्यावरून एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचे. आता कोण बोलावणार आणि कोण येणार?"

मामांचे हे उत्तर त्यांच्या एकट्याचे नाही. लोकांनी आपण होऊन केलेल्या कामाबद्दल महाराष्ट्रात सगळीकडे हेच मत रूढ आहे: सामान्य माणसे एकत्र येतात ती कुणा असामान्य माणसामुळे, तो गेला की ती पांगतात. राळेगणसिद्धी म्हटले की १९७५ मध्ये गावी परतलेले अण्णा हजारे, हिवरेबाजार म्हटले की पोपटराव पवार. बाकीच्या गावांनी आपला अण्णा, आपला पोपटराव जन्माला येण्याची वाट पाहायची. हे मत मला चुकीचे वाटते, आणि घातकही वाटते. पण आपल्याकडे वादाची जुनी रीत आहे, पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायचा. ती मी पाळतो.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण भाषणात वापरतो आणि ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही व्यवहारात. घोडे सगळ्यांचे, म्हणून त्याची जखम धुवायला कुणीच येत नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली हीच गोष्ट तर्काने सिद्ध करू पाहिली. कामाचे फळ काम न करणाऱ्यालाही मिळणार असेल, तर शहाणा माणूस घरी बसेल. मोठ्या समूहाला सक्तीशिवाय किंवा वेगळ्या लाभाशिवाय हलवता येत नाही. तीन वर्षांनी गॅरेट हार्डिन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात सामायिक कुरणाचे उदाहरण दिले. प्रत्येक गुराखी आपले आणखी एक जनावर सोडतो, नफा त्याचा एकट्याचा, तोटा सगळ्यांत वाटलेला, आणि शेवटी कुरण उजाड होते. सगळ्यांचे भले होईल अशी आशा धरणाऱ्या गावाला या दोघांनी मिळून निरुत्तर केले असे पुष्कळांना वाटले. यात तात्यांची भर घातली की पूर्वपक्ष पुरा होतो: समूह आपोआप हलत नाही, म्हणून हलवणारा लागतो, आणि हलवणारा मर्त्य असतो.

आता उत्तर. त्यासाठी मी धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी जातो.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत काही शतके चालत आलेली सिंचनाची एक रीत आहे. तिला फड पद्धत म्हणतात. नदीत बुटका दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली. एका फडात एकच पीक. या फडात ऊस, त्यात रब्बी, पलीकडच्यात खरीप. पुढच्या वर्षी पिके फिरतात. शेतकऱ्यांच्या जमिनी बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि यंदा अमुक फड भिजणार नाही असे ठरले, की त्याचा चटका एकट्यादुकट्याला बसत नाही, थोडा थोडा सगळ्यांना बसतो. ही रचना पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो. तुटीच्या वर्षी कुणी त्याग करायचा, यावर दुष्काळ पडल्यावर भांडायचे नाही. त्याचे उत्तर जमिनीच्या वाटणीतच आधी देऊन ठेवायचे.

त्याहून बारकाईची गोष्ट पुढे आहे. फडात शेतकरी स्वतःच्या हाताने पाणी घेत नाही. पाणी पाजतो तो पाटकरी. त्याच्यावर हवालदार. पिकांची राखण करतो तो जागल्या. ही माणसे शेतकऱ्यांनीच नेमलेली, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. म्हणजे रात्री चोरून बारे फोडण्याचा मोह ज्याला होऊ शकतो, त्याच्या हातात फावडेच ठेवलेले नाही. आणि पाट फुटला, गाळाने भरला, तर दुरुस्तीला प्रत्येकाने यायचे. कुणी आले नाही हे सगळ्यांना दिसते, कारण त्याच्या वाट्याचा पाट तेवढा तुंबलेला राहतो.

इथे महापुरुष कुठे आहे? फडांसाठी ज्याचा पुतळा उभारावा असा एकही संस्थापक सांगता येत नाही. पिढ्या बदलल्या, राज्ये बदलली. मराठे गेले, इंग्रज आले, तेही गेले. पाट वाहत राहिला तो जागल्या, पाटकरी आणि हवालदार या तीन साध्या कामांच्या जोरावर. फड पुढे मोडत गेले हे खरे. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला स्वतंत्र पाणी मिळू लागले. पण ‘लोक शेवटी भांडलेच’ असा त्याचा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. नदीचे पाणी कधी आणि किती यायचे हे बंधाऱ्यावरच्या लोकांच्या हातातून गेले, तेव्हा त्यांच्या नियमांना धरायला काही उरले नाही.

अशीच उदाहरणे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरातून गोळा केली आणि १९९० साली ग्रंथरूपाने मांडली. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल या डोंगरी गावाचा १५१७ सालचा एक नियम त्यांनी नोंदवला आहे: हिवाळाभर जेवढ्या गाई घरच्या वैरणीवर पोसता येतात, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. हार्डिन यांचे सगळे कोडे या एका नियमात सुटते. पुढे हार्डिन यांनीही मान्य केले की आपण वर्णन केले होते ते व्यवस्थापन नसलेल्या कुरणाचे. भागीचे घोडे मेले ते भागीमुळे नव्हे. जखम धुवायची पाळी कुणाची हे ठरले नव्हते म्हणून. ओडिशातल्या कित्येक गावांनी ही पाळी एका काठीत बसवली आहे. जंगलाची राखण करून आलेला माणूस आपली काठी शेजारच्या दारात ठेवतो. सकाळी दार उघडून काठी दिसली की त्या घराने त्या दिवशी जंगलात जायचे. ठेंगापाळी म्हणतात तिला. तिथे भोंगाही लागत नाही.

पण मग हिवरेबाजारचे काय? तिथे तर एक माणूस ठळकपणे उभा आहे. मी त्यांचे मोठेपण तसूभरही कमी करत नाही. फक्त त्यांनी काय केले ते नीट पाहावे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. वर्तमानपत्रांनी छापले ते मुख्यतः श्रमदानाचे फोटो. पण गाव तरले ते चर खणून झाल्यानंतरच्या नियमांवर. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्यावर पिके ठरवायची. पोपटरावांचे खरे काम हा ताळेबंद आहे, आणि त्याला पोपटराव लागत नाहीत. पर्जन्यमापक, वही आणि वही वाचून दाखवणारा माणूस एवढे पुरते. पाणी फाउंडेशनचा प्रवासही हेच सांगतो. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरू झालेल्या त्यांच्या वॉटर कप स्पर्धेत भर होता तो उन्हाळ्यातल्या ४५ दिवसांच्या कामावर. पुढे त्यांनाही समृद्ध गाव स्पर्धा घ्यावी लागली, पाण्याच्या ताळेबंदाकडे वळावे लागले, मग शेतकऱ्यांचे गट बांधावे लागले. पाणी अडवायला उत्साह पुरतो. अडवलेले पाणी वाटायला बसले की नियम लागतो.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा अधिक बोचतो. कुणी म्हणेल, ‘लोकसहभाग’ हे वेठीचे नवे नाव आहे. सरकारने करायचे काम गरिबांच्या पाठीवर टाकायची युक्ती आहे. या आक्षेपात सत्य आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका श्रमदानात माझ्या शेजारी टिकाव मारणाऱ्या बाईंच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. त्या दिवसाची मजुरी बुडवून त्या आल्या होत्या. आम्ही खणलेल्या चरांनी ज्या विहिरी भरणार होत्या, त्यांतली एकही त्यांची नव्हती. टाळ्या सगळ्यांसाठी वाजल्या, पाणी मात्र ठरावीक सातबाऱ्यांवर गेले. याला स्वयंसेवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण यावर उपाय लोकांना घरी बसवणे हा नाही. उपाय विलासराव साळुंखे यांनी दाखवून दिलेला आहे. पुण्याचे हे अभियंता-उद्योजक १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यातला एक एक नियम वाचण्यासारखा आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उसाला पाणी नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः भरायचा. या नियमांखाली त्या बाईंनी टिकाव मारला असता तर तो दान झाला नसता, भांडवल झाला असता. निःस्वार्थ माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना मी हेच विचारीन: निःस्वार्थ हवीत कशाला? ज्याला वाटा आहे त्याचा स्वार्थ सरळ असतो, आणि सरळ स्वार्थावर पाट शतकानुशतके चालतो.

साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना नंतर मंदावल्या, आणि पूर्वपक्षवाले इथे बोट ठेवतील. ठेवावे. पण या योजना पाणी उपसण्याच्या होत्या, आणि उपसा योजनेला वीज लागते, विजेचे बिल येते, पंप जळतो. या गोष्टी गावाच्या नियमांच्या कक्षेबाहेरच्या आहेत. आणि पाण्यावर माणशी हक्क देणारा कायदा राज्याने कधी केला नाही. नियम गावाचा आणि हक्क हवेतला, अशी स्थिती टिकत नसते. म्हणूनच सरकारने हात झटकावेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. गावाने ठरवलेल्या गोष्टीला कायद्याचा टेकू द्यायचे काम सरकारचेच आहे.

तो टेकू मिळाला की काय होते हे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने दाखवले. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय थांबतो, अभ्यास गटात जातो, पुन्हा येतो. शहरी माणसाला ही रीत कमालीची संथ वाटेल. मला तिचे मर्म दुसरीकडे दिसते: ज्याने स्वतः हो म्हटले आहे त्याला कामावर बोलवायला कुणी लागत नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्याला झगडावे लागलेच. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवले. देवाजी तोफा यांचे नाव या गावाशी जोडलेले आहे आणि ते आदरानेच घ्यायला हवे. पण त्या ग्रामसभेत त्यांचा ‘हो’ हाही इतरांसारखा एकच ‘हो’ असतो. गावाने पुढारी नाकारला नाही, त्याला एका मताचा केला.

पुन्हा तात्यांकडे येतो. ते चांगले होते यात मला शंका नाही. पहाटे उठायचे, स्वतः चिखलात उतरायचे. पण कुणाकडून किती दिवस काम घ्यायचे, कोण गेल्या वर्षी आला नव्हता, कुणाच्या विहिरीला बंधाऱ्याचा फायदा होतो म्हणून त्याने डिझेलचा खर्च उचलायचा, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. गावाला त्यांची हाक मिळाली, यादी मिळाली नाही. तात्या गेले म्हणून प्लेटा बसल्या नाहीत, असे मामा म्हणतात. मी म्हणेन, तात्यांचा हिशेब त्यांच्याबरोबर गेला म्हणून बसल्या नाहीत.

दिवाळीतच दुसऱ्या दिवशी आम्ही शेड उघडली. मामांना सहज विचारले, एकूण प्लेटा किती? त्यांना सांगता येईना. दाराशी जमलेल्या चार-पाच जणांपैकी कुणालाच सांगता येईना. मामांचा नातू आणि शेजारची एक मुलगी, दोघे सातवीतले, ढिगावर चढून मोजायला लागले. मुलगी आकडा म्हणत होती, नातू खडूने भिंतीवर पाच-पाचचे गठ्ठे मांडत होता. एकशे बारा भरल्या. सात वाकलेल्या होत्या. मामा बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "बाजूला गाळेपण लिही रे, किती आहेत ते. आणि कुठल्या गाळ्यासमोर कुणाचं रान, तेपण."