आजोबा गिरणीत होते, पण कुठल्या खात्यात?

सातारा असो, सांगली असो नाहीतर रत्नागिरी. "आमचे आजोबा मुंबईला गिरणीत होते" असं सांगणारी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. कुठल्या खात्यात होते?

आज त्याबद्दलच लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. नंतर गिरण्या वाढत गेल्या आणि हजारो हात लागायला लागले. मालकाने ते हात स्वतः शोधले नाहीत. ते काम जॉबरचं. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. माणूस कामावर घ्यायचा त्यानेच, काम शिकवायचं त्यानेच, आणि काढायचाही त्यानेच. तो माणसं कुठून आणणार? आपल्या गावची, आपल्या भावकीतली, आपल्या जातीतली.

यात मालकाचा फायदा होता. नवा पोरगा कामचुकारपणा करायला कचरायचा. त्याला साहेबाची भीती होतीच, पण ज्याने चिकटवलं त्या गाववाल्याची मान खाली जाईल, ही भीती जास्त होती. राहायचं गाववाल्यांच्याच गाळ्यात, जेवायचं ओळखीच्या खानावळीत, आणि काम शिकायचं शेजारच्या नातेवाइकाच्या हाताखाली. म्हणजे इमानदारीही ओळखीतून आली आणि कसबही. अर्थात जॉबर फुकट काही करत नव्हता, दस्तुरी घ्यायचा.

अकरलॉफ आणि क्रँटन या अर्थतज्ज्ञांनी 2000 सालानंतर हीच गोष्ट शास्त्रात मांडली. माणूस नुसत्या पगारासाठी राबत नाही, 'मी कोण, कुणातला' यावरही त्याचं काम ठरतं. गिरणगावाला हे शंभर वर्षं आधीच माहीत होतं.

पण याच ओळखीने एक दार बंद ठेवलं होतं.

गिरणीत चांगली कमाई विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर. तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय सांगायचे? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचं. दलिताने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा लावायचा, असं सवर्ण विणकर म्हणायचे. इंग्लंडात लँकेशायरमध्येही धागा असाच ओढत. तिथे तक्रार व्हायची ती आरोग्याची. आपल्याकडे तक्रार विटाळाची.

म्हणून दलित कामगार कताईत आणि कमी पगाराच्या खात्यांत राहिला. साच्याला हातच लावू दिला नाही, तर साचा चालवायचं कसब येणार कुठून? मग कसब नाही म्हणून पगार कमी. आणि पगार कमी म्हणून पोरगंही त्याच खात्यात.

1928 मध्ये मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने. लाल बावट्याखाली कामगार एक झाल्याच्या घोषणा होत्या. तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी थेट हाच प्रश्न धरला, की विणाई खातं दलितांना मोकळं करा आणि संपाच्या मागण्यांत ते घ्या. त्यांची तक्रार एकट्या मालकांवर नव्हती, कामगारांवर आणि त्यांच्या पुढाऱ्यांवरही होती. हे दार आतून कामगारांनीच लावून धरलं होतं, ही गोष्ट आपण गिरणी कामगारांचा इतिहास सांगताना गाळतो.

ओळख वाईट, असं मला म्हणायचं नाही. गाववाल्याने हात दिला नसता तर आपल्यातली कित्येक घरं उभीच राहिली नसती. पण एकाला ओढून घेणारा हात दुसऱ्याला ढकलतही होता.

आणि हे संपलंय का? गिरण्या गेल्या. पण आपल्या गावच्या पतसंस्थेत, कारखान्यात, दुकानात माणूस घेताना आजही पहिला प्रश्न काय असतो? 'कुणाचा रे तू?' आणि ज्याला आपण घेतच नाही, त्याच्याबद्दलच नंतर म्हणतो, 'त्यांना ते काम जमत नाही.'

घरात कुणी जुनं माणूस असेल तर आज विचारा. कुठलं खातं होतं, कुणी चिकटवलं, आणि त्या खात्यात कोण नव्हतं? मिळेल ते उत्तर खाली लिहा. आपल्या गावचा हा इतिहास कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही.