घराचे छायाचित्र : दिसावे कसे, दाखवावे किती?

घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे ठरले, की पूर्वी वर्तमानपत्रात तीन ओळींची छोटी जाहिरात दिली जात असे. 'वन रूम किचन, स्टेशनपासून सात मिनिटे, चोवीस तास पाणी' एवढ्या मजकुरावर लोक येऊन घर पाहून जात. आता घर पाहण्याचा पहिला कार्यक्रम संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरच उरकतो. समोर आलेल्या चाळीस-पन्नास घरांतून प्रत्यक्ष पाहण्याजोगी चार-पाच घरे निवडली जातात, ती बहुतांशी छायाचित्रे पाहून. असे असूनही लाखो-कोटी रुपयांच्या या व्यवहारात छायाचित्रे मात्र घाईघाईने, दिवे न लावता, वाळत घातलेल्या कपड्यांसह काढलेली दिसतात. नाही तर ती इतकी सजवलेली असतात, की प्रत्यक्ष घर ओळखूच येऊ नये.

या दुसऱ्या प्रकाराचा अनुभव प्रस्तुत प्रतिनिधीनेही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यात भाड्याचे घर शोधताना एका सदनिकेची छायाचित्रे पसंत पडली. हॉल ऐसपैस वाटत होता, खिडकीबाहेर निळे आकाश होते. प्रत्यक्षात मुख्य दार उघडले, की ते सोफ्याच्या हातावर आपटत होते आणि खिडकीपासून काही फुटांवरच शेजारच्या इमारतीची भिंत उभी होती. घर तसे वाईट नव्हते, भाडेही वाजवी होते. परंतु पहिल्या पाच मिनिटांतच विश्वास उडाल्याने बोलणी पुढे सरकली नाहीत. आमचा रविवार वाया गेला, तसा घरमालकाचाही गेला.

घराचे छायाचित्र म्हणजे घरमालकाने केलेले एक विधानच असते. ते स्पष्ट असावे आणि खरेही असावे. त्यासाठी महागडी साधनसामग्री लागतेच असे नाही. थोडी पूर्वतयारी, प्रकाशाची जाण आणि संपादनातील संयम या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

आधी झाडू, मग कॅमेरा

छायाचित्रणाचे निम्मे काम कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वीच होते. ओट्यावरील डबे, बाथरूममधील बादली-मग, दारामागे अडकवलेल्या पिशव्या, फ्रिजवर चिकटवलेले कागद आणि गॅलरीतील कपडे तात्पुरते हलवावेत. पडदे सारून खिडक्यांच्या काचा पुसून घ्याव्यात. कमोडचे झाकण बंद असावे. पंखे बंद ठेवावेत. फिरते पाते छायाचित्रात धुरकट दिसते.

या आवराआवरीला सुरक्षिततेचीही बाजू आहे. जाहिरातीतील छायाचित्र कोण पाहणार आहे, यावर आपले नियंत्रण नसते. म्हणून दारावरील नावाची पाटी, कुटुंबाची व विशेषतः लहान मुलांची छायाचित्रे, तिजोरीचे कपाट, देवघरातील चांदीच्या वस्तू, टेबलावरील बँकेची कागदपत्रे आणि कॅलेंडरवर लिहिलेल्या नोंदी चौकटीत येऊ देऊ नयेत. घरात भाडेकरू राहत असेल, तर त्याची पूर्वसंमती घेणे हा साधा शिष्टाचार आहे.

साधने : कॅमेऱ्यापेक्षा तिपाई महत्त्वाची

एकच घर विकायचे असेल, तर नवा कॅमेरा घेण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांतील बऱ्यापैकी मोबाइल त्या कामास पुरतो. लेन्स मऊ कापडाने पुसावी, पडद्यावरील चौकटीच्या रेषा सुरू कराव्यात आणि मोबाइल छोट्या ट्रायपॉडवर बसवावा. पार्श्वभूमी धूसर करणारा 'पोर्ट्रेट' प्रकार येथे उपयोगाचा नाही, कारण घराच्या छायाचित्रात दारापासून खिडकीपर्यंत सर्व काही स्पष्ट दिसावे लागते.

मोबाइलची मुख्य लेन्स साधारणपणे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरील २४ ते २६ मिलिमीटर लेन्सएवढा भाग टिपते. तिच्या जोडीला असलेली अतिविस्तृत लेन्स बहुधा १३ मिलिमीटरच्या आसपासची असते. खरी मेख या दुसऱ्या लेन्समध्ये आहे. लेन्स जितकी विस्तृत, तितकी जवळची वस्तू मोठी आणि समोरची भिंत दूर गेलेली दिसते. चौकटीच्या कडेला असलेले टेबल किंवा गोल घड्याळ ताणले जाते. दहा बाय दहाची खोली त्यामुळे दिवाणखान्यासारखी भासते. बाथरूमसारख्या चिंचोळ्या जागेत या लेन्सला पर्याय नसतो. परंतु मोठ्या खोल्यांत शक्यतो मुख्य लेन्सच वापरावी.

मध्यस्थ किंवा व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून हे काम नियमित करायचे असेल, तर डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा उपयोगी पडतो. लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स आपल्याकडील खोल्यांना अपुरी पडते. त्याऐवजी १०-१८ किंवा १०-२० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर हेच काम १६-३५ मिलिमीटरची लेन्स करते. या लेन्सचे सर्वांत विस्तृत टोक अपवादानेच वापरावे. फुल-फ्रेमच्या हिशेबाने २० ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान खोली बरीचशी डोळ्यांना दिसते तशी येते.

खर्चाला मर्यादा असेल, तर कॅमेरा जुना चालेल, पण ट्रायपॉड मजबूत घ्यावा. घरातील प्रकाश कमी असतो. कॅमेरा हातात धरला, तर आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्र दाणेदार होते. तोच तिपाईवर असला, की शटर अर्धा किंवा एक सेकंद उघडे ठेवूनही चित्र हलत नाही.

कोठे उभे राहावे?

खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात उभे राहून समोरच्या दोन भिंती, थोडी फरशी आणि खिडकी दिसेल अशी चौकट घ्यावी. कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून सुमारे चार फूट असावी. त्याहून वर गेल्यास फर्निचरचे माथे दिसतात, खाली गेल्यास छताचा भाग वाढतो. स्वयंपाकघरात मात्र ओट्याचा पृष्ठभाग दिसावा म्हणून कॅमेरा थोडा उंच घ्यावा.

नवख्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे कॅमेरा वर किंवा खाली झुकवणे. तसे केल्यास भिंती, दारे आणि कपाटे आत किंवा बाहेर कललेली दिसतात. गवंडी पाणसळीने फरशी तपासतो, तसा कॅमेरा दोन्ही दिशांनी समतल करावा. अनेक ट्रायपॉडवर पाण्याचा बुडबुडा असतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांत व मोबाइलमध्ये समतल दाखवणारी रेषा असते. उभ्या रेषा उभ्या दिसल्या, की छायाचित्र निम्मे जमले असे समजावे. आरसा, टीव्हीचा पडदा आणि काचेचे कपाट यांत आपण स्वतः दिसत नाही ना, हेही पाहावे.

प्रकाश : घड्याळ आणि दिशा

पूर्वेकडील खोल्या सकाळी, पश्चिमेकडील दुपारनंतर उजळतात, हे प्रत्येक घरमालकाला ठाऊक असते. छायाचित्राची वेळ ठरवताना मात्र त्याचा विसर पडतो. ऊन थेट आत येऊन फरशीवर पांढरे पट्टे पडत असतील, तर थोडे थांबावे. ढगाळ दिवशी आतील व बाहेरील प्रकाशातला फरक कमी होतो, त्यामुळे पावसाळ्यातील उघडीप घराच्या अंतर्भागासाठी चांगली असते. इमारतीच्या बाहेरील छायाचित्रासाठी मात्र ऊन हवे. उत्तराभिमुख इमारतीच्या दर्शनी भागावर हिवाळ्यात थेट ऊन पडतच नाही. तेथे सूर्यास्तानंतर घराघरांत दिवे लागल्यावरची वेळ साधावी. आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. म्हणून तिपाई आधीच लावून ठेवावी.

दिव्यांच्या रंगांचा प्रश्न वेगळा आहे. पिवळसर दिव्याचे रंगतापमान सुमारे २७०० ते ३००० केल्विन, तर दिवसाच्या प्रकाशाचे सुमारे ५५०० केल्विन असते. दोन्ही एकत्र आले, की एक भिंत पिवळी आणि दुसरी निळी दिसते. खिडकीतून पुरेसा उजेड येत असेल, तर दिवे बंद ठेवावेत. लावायचेच असतील, तर सर्व दिवे एकाच रंगाचे असावेत. काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास किंवा त्याहून मंद केल्यास ते बहुधा नाहीसे होतात. फ्लॅश वापरायचा झाल्यास तो पांढऱ्या छताकडे वळवावा. समोरून मारलेल्या फ्लॅशमुळे भिंतीवर कडक सावल्या पडतात.

कॅमेऱ्यावर सुरुवातीला एफ/८ ॲपर्चर आणि आयएसओ १०० ठेवावा, शटरचा वेग प्रकाशानुसार ठरवावा आणि हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. चित्रे 'रॉ' स्वरूपात साठवल्यास नंतर रंग सुधारण्यास वाव मिळतो. खोलीतील उजेड आणि खिडकीबाहेरील ऊन यांत शंभरपट फरक असू शकतो. अशा वेळी तिपाई न हलवता एक चित्र नेहमीच्या, एक दोन स्टॉप कमी आणि एक दोन स्टॉप जास्त एक्स्पोजरने घ्यावे. दोन स्टॉप म्हणजे प्रकाश चौपट. ही तिन्ही चित्रे नंतर संगणकावर एकत्र करता येतात. आजचे मोबाइल हेच काम 'एचडीआर' या नावाने आपोआप करतात.

संपादन : कोठे थांबावे?

संपादनासाठी लाइटरूमसारखी सशुल्क प्रणाली आहे, तशाच डार्कटेबल व गिम्प या संगणकावरील विनामूल्य प्रणाली आणि मोबाइलवरील स्नॅपसीडही आहे. क्रम साधारण असा ठेवावा : प्रथम लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढावा, उभ्या रेषा सरळ कराव्यात, मग व्हाइट बॅलन्स साधून पांढरी भिंत पांढरी दिसेल असे पाहावे. त्यानंतर गडद भाग थोडे उजळावेत आणि शेवटी चौकट कापावी. रंगांची तीव्रता वाढवण्याचा मोह आवरावा. एचडीआरचा अतिरेक झाला, की भिंती राखाडी आणि फर्निचर प्लॅस्टिकचे दिसू लागते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांनी एका क्लिकमध्ये भिंतीवरची ओल पुसता येते, खिडकीबाहेरील विजेचा मनोरा नाहीसा करता येतो आणि रिकाम्या खोलीत सोफा मांडता येतो. म्हणून मर्यादेचा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. त्यासाठी एक सोपी कसोटी लावता येईल : जे व्यवहारानंतर घराबरोबर नव्या मालकाच्या ताब्यात जाणार आहे, ते बदलू नये. विसरलेली बादली चित्रातून काढली, तर कोणाचे नुकसान होत नाही. ती मालकाबरोबर जाणारच आहे. परंतु ओल, तडा, गिलाव्याचे पोपडे, फुटलेली फरशी, खिडकीची लोखंडी जाळी, समोरची भिंत किंवा नाला हे घराबरोबर राहणारे आहे. ते पुसणे म्हणजे संपादन नव्हे. फर्निचर आभासी असेल, तर तसे चित्रावरच लिहावे आणि शेजारी रिकाम्या खोलीचे चित्रही द्यावे.

कायदा काय म्हणतो?

ही केवळ नीतीची बाब नाही. स्थावर संपदा कायदा, २०१६ अर्थात 'रेरा'च्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास विकासकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास त्याची संपूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते. कलम १० नुसार मध्यस्थांनाही तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात दिशाभूल करण्यास मनाई आहे. 'महारेरा'ने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला. तो स्कॅन करून प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती ताडून पाहता येते. कलम १२ विकासकांपुरते असल्याने जुने घर विकणारा सामान्य मालक त्याच्या कक्षेत येत नाही. त्याची भिस्त मात्र सर्वस्वी विश्वासावर असते.

इमारतीचे वरून छायाचित्र घेण्यासाठी ड्रोन वापरण्याची हौस वाढली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या, तर पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. मुंबईत विमानतळ आणि नौदलाची ठाणी आहेत, शिवाय पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. म्हणून आधी चौकशी करावी किंवा सरळ गच्चीवरून छायाचित्र घ्यावे.

जाहिरातीत देण्यापूर्वी

दोन शयनगृहांच्या सदनिकेसाठी बारा ते पंधरा छायाचित्रे पुरेशी होतात. पहिले सर्वांत चांगले असावे. पुढील चित्रांचा क्रम पाहुणा दारातून आत शिरल्यावर फिरतो तसा ठेवावा. खिडकीतून दिसणारे दृश्य, जिना किंवा लिफ्ट आणि वाहनतळ यांचे एकेक चित्र अवश्य द्यावे. सर्वांत शेवटी टेप लावून घेतलेल्या मापांसह खोल्यांचा साधा आराखडा आणि चटई क्षेत्रफळ द्यावे. लेन्सने कितीही भुरळ घातली, तरी दहा बाय बारा हा आकडा वाचकाला जमिनीवर आणतो.

एक बारीक गोष्ट. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा घटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास तो कायम राहतो; परंतु छायाचित्रासोबत नोंदले गेलेले ठिकाणही तसेच पुढे जाते. म्हणून छायाचित्रण सुरू करण्यापूर्वीच कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करावी.

छायाचित्राने घर विकले जात नाही; घर पाहायला माणूस येतो, एवढेच. दार उघडल्यावर त्याला 'चित्रात होते तसेच आहे' असे वाटले, की पुढची बोलणी सोपी होतात. भिंतीवरचा ओलीचा डाग चित्रात पाहूनही जो आला, त्याला खरोखरच ते घर हवे आहे असे समजावे.