धर्मोपदेशक एलिस आणि मादागास्करची आमरी

ऑर्किड अर्थात आमरी कुळातील वनस्पतींचा युरोपातील इतिहास केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांनी घडविलेला नाही. व्यापारी, लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि धर्मोपदेशक यांनी हौसेपोटी गोळा केलेल्या रोपांवर तो बऱ्याच अंशी उभा आहे. या हौशी मंडळींत रेव्हरंड विल्यम एलिस (1794–1872) यांचे स्थान वेगळे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे प्रतिनिधी म्हणून ते मादागास्करला गेले, ते तेथील ख्रिस्ती समाजाची स्थिती पाहण्यासाठी. परततांना त्यांच्या सामानात जी जिवंत रोपे होती, त्यांतील एका आमरीने पुढे चार्ल्स डार्विन यांना विचारात पाडले.

एलिस यांचा जन्म 29 ऑगस्ट 1794 रोजी लंडनमध्ये एका श्रमजीवी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण केंब्रिजशायरमधील विझबीच येथे गेले. औपचारिक शिक्षण बेताचेच झाले. परंतु झाडांची आवड उपजत होती आणि तिलाच त्यांनी उपजीविकेचे साधन बनविले. प्रथम पूर्व इंग्लंडमध्ये, नंतर लंडनजवळच्या एका रोपवाटिकेत आणि पुढे स्टोक न्यूइंग्टन येथील एका श्रीमंत घरी त्यांनी माळीकाम केले. नंतरच्या आयुष्यात आमरी हा त्यांचा छंद ठरला, तरी त्या छंदामागे पोटासाठी माती हाताळलेल्या माणसाचे कसब होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काचगृहातील आमरी हा त्या काळी सरदार-जमीनदारांचा शौक मानला जाई. एलिस त्यात शिरले ते मागच्या दाराने.

तारुण्यातच ते धर्मकार्याकडे वळले. 1815 मध्ये दीक्षा आणि विवाह उरकून पुढच्याच वर्षी पत्नी मेरी यांच्यासह ते दक्षिण पॅसिफिककडे निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी छपाई व पुस्तकबांधणी शिकून घेतली होती. ताहितीशेजारच्या मूरिया बेटावर 1817 मध्ये त्यांनी मुद्रणयंत्र उभे केले, तेव्हा पहिले खिळे जुळविण्याचा मान राजा दुसरा पोमारे याने स्वतः घेतला. पुढे हुआहिने आणि हवाई बेटांवर त्यांनी काम केले. ताहितीची भाषा अवगत असल्याने तिच्याशी नाते असलेली हवाईची भाषा त्यांना लवकर आत्मसात झाली. 1823 मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांसमवेत त्यांनी हवाई बेटाची परिक्रमा केली आणि किलाउएआ ज्वालामुखीचे वर्णन लिहून ठेवले. पत्नीच्या आजारपणामुळे 1824 मध्ये त्यांना ही बेटे सोडावी लागली. 1829 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'पॉलिनेशियन रिसर्चेस' हा ग्रंथ त्या प्रदेशातील जुन्या चालीरीतींचा महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो. त्यात धर्मोपदेशकाचा पूर्वग्रह जागोजागी दिसतो, हे मान्य करावे लागते. ज्या प्रथा संपविण्यासाठी एलिस झटत होते, त्यांचीच नोंद ते काळजीने करीत होते.

इंग्लंडला परतल्यावर ते सोसायटीचे परराष्ट्र सचिव झाले. त्या पदाच्या अनुषंगाने त्यांनी मादागास्करचा द्विखंडात्मक इतिहास लिहिला (1838). तोपर्यंत त्यांनी ते बेट पाहिलेही नव्हते. 1835 मध्ये मेरी यांचे निधन झाले. 1837 मध्ये त्यांनी लेखिका सारा स्टिकनी यांच्याशी विवाह केला. प्रकृती ढासळल्याने सचिवपद सोडून हे दांपत्य हर्टफर्डशायरमधील हॉड्सडन येथे स्थायिक झाले. सारा यांनी तेथे मुलींची शाळा चालविली आणि एलिस यांनी बाग फुलविली. आमरींची काचगृहे उभी राहिली ती याच बागेत.

मादागास्करमध्ये त्या वेळी राणी पहिली राणावलोना हिची सत्ता होती. 1835 पासून तिने ख्रिस्ती धर्माचरणावर बंदी घातली होती. परदेशी मिशनरी निघून गेले. स्थानिक ख्रिस्तींपैकी कित्येकांना गुलाम केले गेले, काहींना कड्यावरून लोटून देण्यात आले. 1845 मध्ये ब्रिटिश व फ्रेंच युद्धनौकांनी तामाताव्ह बंदरावर तोफा डागल्यानंतर राणीने व्यापारही थांबविला. मॉरिशसच्या व्यापाऱ्यांनी नुकसानभरपाई भरल्यावर 1853 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षी सोसायटीने एलिस यांना पाठविले. वय एकोणसाठ होत आलेले, तरीही निघण्यापूर्वी ते छायाचित्रणाची नवी कला शिकून गेले. मादागास्करच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्यांनी टिपलेल्या चित्रांचा समावेश होतो.

पहिल्या खेपेस राजधानी अंतानानारिव्होला जाण्याची परवानगी मिळाली नाही. 1854 मध्ये मॉरिशसमधील पटकीच्या साथीचे कारण पुढे करून त्यांना पुन्हा किनाऱ्यावरच थांबविण्यात आले. राजकारणाने अडविलेल्या या मुक्कामांचा लाभ वनस्पतिशास्त्राला झाला. किनाऱ्यालगतच्या रानात हिंडताना एलिस यांनी आमरी कोणत्या झाडावर, किती उजेडात, किती ओलाव्यात वाढतात याचे बारकाईने निरीक्षण केले. घनदाट अरण्याच्या गर्भात त्या फारशा आढळत नाहीत, रानाच्या कडेला व विरळ झाडीत अधिक दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. इंग्लंडमधील बागाईतदार तेव्हा सर्व उष्णकटिबंधीय आमरींना एकाच कोंदट, तप्त काचगृहात ठेवीत आणि त्यामुळे असंख्य रोपे दगावत. अशा काळात मूळ अधिवासाच्या या नोंदींचे मोल केवळ कुतूहलापुरते नव्हते.

याच शोधयात्रेत एका पाणवनस्पतीचाही समावेश होता. तिच्या पानात शिरांमधला हिरवा भागच नसतो. केवळ शिरांची नाजूक जाळी असते, जणू विणलेली लेसच. हिचे चित्र एलिस यांच्याजवळ होते. ते पाहून एका स्थानिक माणसाने ठिकाण ओळखले खरे, पण ओढ्यात मगरी फार असल्याने तो पहिल्या खेपेस रिकाम्या हाताने परतला. अखेर रोपे मिळाली, जिवंत इंग्लंडला पोचली आणि क्यू येथील उद्यानात कौतुकाचा विषय झाली. वनस्पती शोधल्याचे श्रेय एलिस यांना देताना त्या अनाम माणसाचा विसर पडू नये.

'अँग्रेकम सेस्क्विपेडाले' ही आमरी मात्र एलिस यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्यु पेती-थुआर यांनी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिली व 1822 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पण जिवंत रोप युरोपात रुजले नव्हते. एलिस यांनी 1855 मध्ये ती इंग्लंडमध्ये आणली आणि 1857 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली ती लागवडीत प्रथमच फुलली. पाकळ्या मेणासारख्या, शुभ्र, आकार ताऱ्याचा, सुगंध रात्री दरवळणारा. सर्वांत विलक्षण भाग म्हणजे फुलाच्या मागे लोंबणारी, फूटभर लांबीची हिरवट पोकळ नळी. मकरंद असतो तो या नळीच्या अगदी तळाशी. जातीच्या लॅटिन नावाचा अर्थच 'दीड फुटी' असा आहे.

जानेवारी 1862 मध्ये जेम्स बेटमन या आमरीतज्ज्ञाने या जातीची फुले डार्विन यांच्याकडे पाठविली. एलिस यांच्या रोपांपासून हे फूल ब्रिटनच्या काचगृहांत आले नसते, तर ते टेबलावर ताजे पाहण्याची संधी डार्विन यांना मिळणे कठीण होते. साडेअकरा इंच लांब नळीच्या तळाशी पोचेल असा कीटक कोणता? मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, असे अनुमान डार्विन यांनी त्याच वर्षीच्या आमरींच्या परागीभवनावरील ग्रंथात मांडले. त्याची थट्टा झाली. 1867 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी हा कीटक हॉकमॉथ गटातील असावा असे सांगून, खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून शोधला त्याच विश्वासाने त्याचा शोध घ्यावा असे सुचविले. डार्विन यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, 1903 मध्ये, रॉथशील्ड व जॉर्डन यांनी या पतंगाचे वर्णन करून त्याला 'प्रेडिक्टा' म्हणजे 'भाकीत केलेला' असे नाव दिले. तो या फुलाला भेट देतो याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास 1992 साल उजाडले आणि 2021 मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला.

एलिस यांच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र या साऱ्याला दुय्यम स्थान होते. 1856 मध्ये अखेर त्यांना राजधानीत सुमारे महिनाभर राहू देण्यात आले. 1858 मध्ये आलेल्या त्यांच्या 'थ्री व्हिजिट्स टु मादागास्कर' या पुस्तकात दरबार, छळ झालेले ख्रिस्ती, रस्ते, हवामान आणि आमरी हे सारे एकत्र नांदते. पण 1857 मध्ये लँबेर या फ्रेंच उद्योजकाचा राणीविरुद्धचा कट उघड झाला, तेव्हा तो एलिस यांनीच फोडला असा आरोप फ्रेंच गोटातून झाला. एलिस यांनी तो फेटाळला. तरीही ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या चढाओढीत हा बागप्रेमी धर्मोपदेशक तटस्थ राहिला होता, असे म्हणणे अवघड आहे.

1861 मध्ये राणी निवर्तली. तिचा पुत्र दुसरा राडामा याने धर्मस्वातंत्र्य दिले आणि 1862 मध्ये एलिस पुन्हा राजधानीत दाखल झाले. राजा त्यांचा सल्ला घेई. मे 1863 मध्ये सरदारांनी त्याला ठार केले, तेव्हाही फ्रेंचांनी एलिस यांच्या लुडबुडीकडे बोट दाखविले. त्या अस्थिर काळात ते 1865 पर्यंत तेथे टिकून राहिले. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक मारले गेले त्या जागी दगडी स्मारक-चर्च उभारण्याची योजना त्यांचीच. अशी चार चर्च पुढे बांधून झाली. 1869 मध्ये राणी दुसरी राणावलोना हिने बाप्तिस्मा घेतला, ही वार्ता ऐकायला ते हयात होते.

9 जून 1872 रोजी, आगगाडीच्या प्रवासात जडलेल्या सर्दीचे निमित्त होऊन, एलिस यांचे निधन झाले. त्यानंतर आठवड्याभरातच सारा यांनीही जगाचा निरोप घेतला. 'एरँजिस एलिसाय' आणि 'ग्रॅमँजिस एलिसाय' या मादागास्करच्या दोन आमरींच्या शास्त्रीय नावांत एलिस यांचे नाव आहे. 'सेस्क्विपेडाले' आज जगभरच्या काचगृहांत हिवाळ्यात फुलते. तिच्या पूर्व किनाऱ्यावरील मूळ रानाची मात्र मोठी तोड झाली असून, इतर आमरींप्रमाणेच तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' करारान्वये नियंत्रण आहे.